मते मिळतात, निर्वाचक मिळत नाहीत : अमेरिकेतील तिसऱ्या पक्षांची कहाणी

नोव्हेंबर १९४८ मध्ये झालेल्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत हॅरी ट्रूमन आणि थॉमस ड्युई या दोन प्रमुख उमेदवारांखेरीज आणखी दोघे नावाजलेले नेते रिंगणात होते आणि ते दोघेही ट्रूमन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातून बाहेर पडलेले होते. त्यांपैकी साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड यांना कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवणारी दक्षिणेतील व्यवस्था टिकवायची होती. माजी उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांना ती मोडायची होती, इतकी की ज्या सभेत श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसवले जाई तिथे बोलायला ते नकार देत. मतमोजणी झाली तेव्हा दोघांच्याही पदरात देशभरातून साडेअकरा लाखांच्या आगेमागे, म्हणजे प्रत्येकी सुमारे २.४ टक्के मते पडली होती. थर्मंड यांना ३९ निर्वाचक (अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणारे राज्याराज्यांचे प्रतिनिधी) मिळाले आणि वॉलेस यांना एकही मिळाला नाही.

जवळपास सारख्या मतांचे इतके वेगळे फळ का मिळाले, हे समजले की अमेरिकेतील तिसऱ्या पक्षांविषयीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. अमेरिकेचा अध्यक्ष देशभरातील मतांच्या बेरजेवर निवडला जात नाही. आज एकूण ५३८ निर्वाचक असतात, त्यांपैकी २७० ज्याच्या बाजूने तो अध्यक्ष होतो, आणि मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर इतरत्र ज्याला राज्यात सर्वाधिक मते पडतात त्याच्या पारड्यात त्या राज्याचे सगळे निर्वाचक जातात. थर्मंड यांची मते दक्षिणेतील मोजक्या राज्यांत एकवटलेली होती, त्यामुळे त्यांनी चार राज्ये सरळ जिंकली. वॉलेस यांची मते देशभर विखुरलेली असल्यामुळे ते प्रत्येक राज्यात हरले. यात आणखी एक बारकावा आहे, जो मला फार बोलका वाटतो. थर्मंड यांनी जी चार राज्ये जिंकली, तिथल्या मतपत्रिकेवर त्यांचे नाव डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिकृत उमेदवार म्हणून छापलेले होते, आणि अलाबामात तर खुद्द अध्यक्ष ट्रूमन यांना मत देण्याची सोयच मतपत्रिकेवर नव्हती. म्हणजे तिसरा पक्ष जिथे जिंकला, तिथे तो एका मोठ्या पक्षाचे नाव आणि जागा ताब्यात घेऊन जिंकला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे.

विखुरलेल्या मतांची सर्वांत मोठी शोकांतिका १९९२ साली घडली. टेक्सासचे उद्योगपती रॉस पेरो यांनी अपक्ष उभे राहून १ कोटी ९७ लाखांच्या आसपास, म्हणजे जवळपास १९ टक्के मते मिळवली. मेन राज्यात तर ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. देशातल्या जवळजवळ प्रत्येक पाचव्या मतदाराने त्यांना पसंती दिली होती, तरीही निर्वाचकांच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे शून्य होते. अमेरिकी संसदेच्या निवडणुकीतही तत्त्व हेच आहे. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांसाठी एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडून येतो आणि सर्वसाधारणपणे ज्याला सर्वाधिक मते तो विजयी ठरतो.

इथे मराठी वाचकाच्या मनात रास्त शंका येईल की लोकसभेची पद्धतही अगदी अशीच आहे, मग आपल्याकडे पक्षांची एवढी गर्दी कशी? पहिले कारण थर्मंड यांच्या उदाहरणातच आहे. भारतातील लहान पक्ष बहुधा एखाद्या राज्यात, भाषेत किंवा समाजात घट्ट रोवलेले असतात, त्यामुळे देशभर दोन टक्के मते असली तरी ती ठरावीक मतदारसंघांत एकवटतात. शिवाय लढत बहुरंगी झाली की जिंकायला लागणारी मतेही कमी होतात. २०१९ मध्ये औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात एका अपक्षाने २ लाख ८० हजारांहून अधिक मते घेतली आणि एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले, हे अनेकांना आठवत असेल. दुसरे कारण संसदीय पद्धतीत आहे. आपल्याकडे पाच-दहा खासदारांचा पक्षसुद्धा सरकार तारू किंवा पाडू शकतो, म्हणून त्याला दिलेले मत वाया जात नाही. वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष संसदेच्या बहुमतावर अवलंबून नसतो, तिथे मंत्रिपदाच्या बदल्यात पाठिंबा देण्याची प्रथा नाही, आणि १९ टक्के मते मिळवलेल्या माणसाकडे वाटाघाटीला बसण्यासाठी हातात काहीच उरत नाही. कुणालाही निर्वाचकांचे बहुमत मिळाले नाही तर अध्यक्षाची निवड प्रतिनिधिगृहात होते, तीही प्रत्येक राज्याला एक मत या हिशेबाने. त्या गृहात दोन मोठ्या पक्षांचेच सदस्य बसलेले असल्याने तिसऱ्या उमेदवाराला तिथेही आशा ठेवायला जागा नाही.

तिसरे कारण मात्र माणसांनी जाणूनबुजून उभे केलेले आहे, आणि त्याविषयी भारतात फारसे बोलले जात नाही. आपल्याकडे लोकसभेसाठी कुणालाही अपक्ष उभे राहायचे असेल तर दहा सूचकांच्या सह्या आणि खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला २५ हजार रुपये अनामत पुरते. डिपॉझिट जप्त होईल, पण मतपत्रिकेवर नाव येतेच. अमेरिकेत अध्यक्षीय उमेदवाराचे नाव मतपत्रिकेवर कसे यावे हे प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवते. टेनेसीत अपक्षाला अवघ्या २७५ सह्या लागतात, तर टेक्सासमध्ये २०२४ साली १ लाख १३ हजारांहून अधिक लागत होत्या आणि ज्यांनी त्या वर्षी मोठ्या पक्षांचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मतदान केले होते त्यांच्या सह्या चालत नव्हत्या. सह्या गोळा करायला माणसे लागतात, माणसांना पैसे द्यावे लागतात, आणि गोळा झालेल्या सह्यांना न्यायालयात आव्हान मिळते. मग वकील लागतात. मोठ्या पक्षाचा उमेदवार प्रचारात गुंतलेला असतो तेव्हा लहान पक्षाचा उमेदवार अजून मतपत्रिकेवर जागा मिळावी म्हणूनच झगडत असतो.

हे पूर्वीपासून असे नव्हते. १८८० च्या दशकापर्यंत अमेरिकेत सरकार मतपत्रिका छापतच नसे. प्रत्येक पक्ष आपापल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापून वाटे आणि मतदार ती पेटीत टाकी. कुणी कोणती चिठ्ठी टाकली हे सगळ्यांना दिसे, म्हणून धाकदपटशा आणि मतखरेदी सर्रास चाले. त्यावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर सरकारी छापील मतपत्रिका आणि गुप्त मतदान आले. सुधारणा चांगलीच होती. परंतु सरकारने मतपत्रिका छापायची म्हटल्यावर तिच्यावर कोणाची नावे छापायची हे कुणीतरी ठरवणे आले, आणि ते ठरवण्याचा अधिकार ज्या विधिमंडळांकडे गेला तिथे दोनच पक्षांचे राज्य होते. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्याचा एक अतिशय जाचक कायदा रद्द केला आणि नव्या पक्षांना थोडा मोकळा श्वास मिळाला, तरी मूळ अधिकार राज्यांकडेच राहिला.

आता तिसऱ्या पक्षांवरील सर्वांत जुन्या आरोपाकडे वळू. आपल्याकडे ज्याला ‘मते खाणे’ म्हणतात तोच हा आरोप आहे. २००० सालच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि त्या राज्याच्या २५ निर्वाचकांच्या जोरावर अध्यक्ष झाले. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना त्याच राज्यात ९७,४८८ मते होती. नेडर नसते तर अल गोर जिंकले असते, असे त्यानंतर हजारो वेळा म्हटले गेले, आणि त्यात तथ्य असण्याची शक्यताही बरीच आहे. पण त्या निकालाचा कागद शेवटपर्यंत वाचावा. फ्लोरिडाच्या मतपत्रिकेवर बुश आणि गोर यांच्याशिवाय आठ उमेदवार होते, आणि त्या आठपैकी प्रत्येकाला ५३७ पेक्षा जास्त मते पडली होती. सगळ्यांत शेवटी राहिलेल्या सोशलिस्ट वर्कर्स पक्षाच्या उमेदवारालाही ५६२ मते होती. मग गोर यांना नेमके कुणी पाडले? आठांपैकी कुणाकडेही बोट दाखवता येते. माझ्या मते तिथेच हा आरोप लंगडा पडतो. ती मते गोर यांच्या मालकीची कधीच नव्हती. ज्या मोजणीत मतदाराला आपली पहिली पसंती सांगितल्याबद्दल आपल्या नावडत्या उमेदवाराच्या विजयाची शिक्षा भोगावी लागते, त्या मोजणीला जाब विचारण्याऐवजी आपण मतदाराला दोषी ठरवतो, हा त्या मतदारावर अन्याय आहे.

याच आरोपाचे एक जुने उदाहरण तर अंतःकरण हलवणारे आहे. १८४४ साली गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या लिबर्टी पक्षाने जेम्स बर्नी यांना उमेदवारी दिली. बर्नी हे स्वतः एकेकाळी गुलामांचे मालक होते आणि पुढे त्यांनी आपल्या गुलामांना मुक्त केले होते. मुख्य लढत टेक्सास अमेरिकेला जोडून घ्यायला उत्सुक असलेले डेमोक्रॅट जेम्स पोक आणि त्याबाबत कचरणारे व्हिग पक्षाचे हेन्री क्ले यांच्यात होती. दोघेही गुलामांचे मालक होते. न्यूयॉर्क राज्यात पोक सुमारे ५,१०० मतांनी जिंकले आणि बर्नी यांना तिथे १५,८०० हून अधिक मते मिळाली. न्यूयॉर्कचे ३६ निर्वाचक क्ले यांच्याकडे गेले असते तर अध्यक्ष तेच झाले असते. पोक अध्यक्ष झाले, मेक्सिकोशी युद्ध पेटले आणि गुलामगिरीला पसरायला नवे प्रदेश मोकळे होण्याची भीती उभी राहिली. गुलामगिरीच्या विरोधकांनीच गुलामगिरीचा फायदा केला, अशी टीका व्हिग पक्षीयांनी केली, आणि त्या टीकाकारांत इलिनॉयमधील एक तरुण वकीलही होता. न्यूयॉर्कमधील या मंडळींनी आपल्याला साथ दिली असती तर क्ले आज अध्यक्ष असते, असे त्याने १८४५ मध्ये एका पत्रात खेदाने लिहिले. त्याचे नाव अब्राहम लिंकन.

लिबर्टी पक्षाची माणसे मात्र थांबली नाहीत. १८४८ मध्ये त्यांच्यातील बहुतेक जण फ्री सॉइल पक्षात गेले आणि त्या पक्षाने माजी अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांना उभे करून १० टक्के मते घेतली. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला दार उघडले, त्यावर संतापाची लाट उसळली, व्हिग पक्ष फुटून नाहीसा झाला आणि फ्री सॉइलवाले, गुलामगिरीविरोधी व्हिग आणि नाराज डेमोक्रॅट एकत्र येऊन रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. सहा वर्षांनी चौरंगी लढतीत जेमतेम ४० टक्के मतांवर त्या पक्षाचा उमेदवार अध्यक्ष झाला, आणि तो उमेदवार पंधरा वर्षांपूर्वी ते पत्र लिहिणारा लिंकन होता. १८४४ च्या त्या पंधरा हजार मतांना तत्कालीन हिशेबाने वाया गेलेली म्हणता येते, वीस वर्षांच्या हिशेबाने तसे म्हणवत नाही. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी, की जुना मोठा पक्ष कोसळून नवा त्याच्या जागी येण्याची ही घटना त्यानंतर आजवर पुन्हा घडलेली नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या पक्षांची कहाणी बहुतेक वेळा मागणी जिंकते आणि पक्ष संपतो, अशी राहिली आहे. १८९२ मध्ये कर्जाने आणि रेल्वेच्या मालवाहतुकीच्या दरांनी पिचलेल्या शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाने चढत्या दराचा आयकर आणि सिनेटरांची थेट लोकांकडून निवड या मागण्या पुढे ठेवल्या, साडेआठ टक्के मते आणि २२ निर्वाचक मिळवले. चारच वर्षांत डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांच्या मुद्द्यांसह विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उभे केले, पॉप्युलिस्टांनीही त्यांनाच पाठिंबा दिला, आणि पक्ष त्यातच विरून गेला. आयकर आणि सिनेटरांची थेट निवड या दोन्ही गोष्टी १९१३ मध्ये घटनादुरुस्ती होऊन प्रत्यक्षात आल्या. पेरो यांनी टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा विकत घेऊन, हातात तक्ते धरून सरकारी तुटीचे आकडे लोकांना समजावले होते. पुढे दोन्ही पक्षांनी तूट हा विषय उचलला आणि १९९८ मध्ये अंदाजपत्रकात शिल्लकही दिसली, अर्थात तिचे श्रेय करवाढीला आणि तेजीतल्या अर्थव्यवस्थेलाही द्यावे लागते. मुद्दे असे आत ओढले जाणे नेहमीच भल्याचे ठरते असेही नाही. १९६८ मध्ये वर्णभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली, आणि त्यांचे मतदार आपल्याकडे वळवणे हा पुढे रिपब्लिकन पक्षाच्या डावपेचांचा भाग झाला. १९४८ चे स्ट्रॉम थर्मंड त्याआधीच, १९६४ मध्ये, रिपब्लिकन पक्षात दाखल झाले होते.

गॅलपच्या २०२३ च्या पाहणीत ६३ टक्के अमेरिकी प्रौढांनी तिसरा मोठा पक्ष हवा असे सांगितले. इतकी मागणी असूनही तो का येत नाही, याचे राहिलेले उत्तर प्राथमिक निवडणुकीत आहे. आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात, म्हणून ज्याला ती नाकारली जाते तो बंडखोरी करतो, अपक्ष उभा राहतो किंवा नवा पक्ष काढतो. अमेरिकेत मोठ्या पक्षाची उमेदवारी बहुतांश ठिकाणी मतदार प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. त्यामुळे बाहेरच्या माणसाला घर बांधण्यापेक्षा चालत्या घराचा ताबा घेणे सोपे जाते. डोनाल्ड ट्रम्प १९९९ मध्ये पेरो यांच्या रिफॉर्म पक्षाच्या उमेदवारीची चाचपणी करत होते. त्यातून काही निघाले नाही, आणि २०१६ मध्ये त्यांनी रिपब्लिकन प्राथमिक निवडणूक लढवून तो पक्षच आपलासा केला. बर्नी सँडर्स सिनेटमध्ये अपक्ष म्हणून निवडून येतात, पण अध्यक्षपदासाठी २०१६ आणि २०२० मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक लढवली. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांची वाटही हीच आहे. स्वतःचा पैसा असलेल्या या उद्योजकाने २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक लढवली आणि ते हरले, नंतर राज्याच्या विधिमंडळात गेले, आणि २०२२ मध्ये नऊ जणांच्या प्राथमिक निवडणुकीत सुमारे २८ टक्के मते मिळवून पुढे प्रतिनिधिगृहात पोहोचले. त्यांचा मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असल्यामुळे खरी निवडणूक ती प्राथमिकच होती. म्हणजे तिथेही २८ टक्क्यांच्या पसंतीवर बाकी ७२ टक्क्यांचा प्रश्न मिटवला गेला.

म्हणूनच मला वाटते की तिसऱ्या पक्षाचे भवितव्य दर चार वर्षांनी उगवणाऱ्या एखाद्या श्रीमंत अध्यक्षीय उमेदवारात शोधू नये. जुलै २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी नव्या पक्षाची घोषणा केली तेव्हा जगभर बातम्या झाल्या, परंतु पैसा ही पेरो यांचीही अडचण नव्हती. पाहायचे ते राज्ये आणि शहरे मोजणीचे नियम बदलतात का, हे.

त्यातील एक बदल महाराष्ट्रातील पदवीधर मतदारांना नव्याने शिकवावा लागणार नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपण उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो, आणि जिंकायला लागणाऱ्या मतांचा कोटा कुणाचाच पूर्ण झाला नाही की शेवटचा उमेदवार बाद होऊन त्याच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीची मते वाटली जातात. मेन आणि अलास्का या राज्यांनी हीच पद्धत स्वीकारली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अलास्कात प्रतिनिधिगृहाच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक झाली. डेमोक्रॅट मेरी पेल्टोला यांना पहिल्या पसंतीची सुमारे ४० टक्के, सारा पेलिन यांना ३१ टक्के आणि निक बेगिच यांना साडेअठ्ठावीस टक्के मते पडली. शेवटचे दोघे रिपब्लिकन होते. बेगिच बाद झाले. त्यांच्या मतपत्रिका उघडून पाहिल्या तर निम्म्या पेलिन यांच्याकडे गेल्या, तीनातल्या एकापेक्षा काहीशा कमी पेल्टोला यांच्याकडे वळल्या आणि पाचातल्या एकीवर दुसरी पसंतीच नव्हती. पेल्टोला निवडून आल्या. ही पद्धत निर्दोष नाही, कारण त्याच मतपत्रिका सांगतात की बेगिच यांची दोघींशी वेगवेगळी सरळ लढत झाली असती तर ते दोन्ही जिंकले असते. पण आपल्या मनातील माणसाला पहिले मत देताना मतदाराला भ्यावे लागत नाही, ही तिची जमेची बाजू मला या दोषापेक्षा मोठी वाटते.

दुसरा मार्ग न्यूयॉर्कमध्ये जुना आहे. तिथे एकाच उमेदवाराचे नाव दोन पक्षांच्या रकान्यांत छापता येते आणि दोन्ही रकान्यांतील मते एकत्र मोजली जातात. २०२५ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आलेले झोहरान ममदानी यांचे नाव डेमोक्रॅटिक आणि वर्किंग फॅमिलीज अशा दोन्ही पक्षांच्या रकान्यांत होते. लहान पक्षाच्या रकान्यात किती मते पडली हे आकड्यात दिसते, मते खाल्ल्याचा ठपका येत नाही आणि मोठ्या पक्षालाही त्या मतांची दखल घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात ही सोय अनेक राज्यांत होती. पॉप्युलिस्टांसारख्या पक्षांनी ती वापरायला सुरुवात केल्यावर एकामागून एक राज्यांनी ती बंद केली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिनेसोटाच्या प्रकरणात अशी बंदी घटनेत बसते असा निर्णय दिला.

खऱ्या अर्थाने लहान पक्षांना जागा देणारा उपाय म्हणजे एका मतदारसंघातून पसंतीक्रमाने अनेक प्रतिनिधी निवडणे. न्यूयॉर्क शहराने १९३७ ते १९४५ या काळात तो करून पाहिला. कम्युनिस्ट नगरसेवक निवडून आल्याचे निमित्त झाले आणि १९४७ मध्ये तो गुंडाळला गेला. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहरात मात्र तो १९४० च्या दशकापासून आजतागायत चालू आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प आणि कमला हॅरिस यांच्या लढतीच्या गदारोळात या सगळ्याची परीक्षा एकाच दिवशी झाली. ऑरेगन, कोलोरॅडो, आयडाहो आणि नेवाडा या राज्यांतील मतदारांनी पसंतीक्रमाची पद्धत आणण्याचे प्रस्ताव फेटाळले. अलास्कात ती रद्द करण्याचा प्रस्ताव साडेसातशेहून कमी मतांच्या फरकाने पडला आणि पद्धत वाचली. आणि ज्या ऑरेगनने राज्यभरासाठी तिला नकार दिला, त्याच राज्यातील पोर्टलंड शहरात त्याच दिवशी चार प्रभागांतून प्रत्येकी तीन, असे बारा नगरसेवक पसंतीक्रमाने पहिल्यांदा निवडून आले, जिथे एका प्रभागातील जागा मिळवायला पंचवीस टक्क्यांहून थोडी अधिक मते पुरतात.